रेडियम आणि मळखाऊ

माझा धंदा पायांचा आहे, पण माझ्या काउंटरवर भांडणं होतात ती रंगांची. नंबराचं भांडण लवकर मिटतं. आईबाप मुलासाठी एक नंबर मोठा मागतात, मी 'नको' म्हणते, ते मोठाच घेतात, मिटलं. किमतीवरून तर कोणी भांडतच नाही, ती नुसती रीत असते. त्यांनी कमी करा म्हणायचं आणि मी छातीवर हात ठेवून 'घरात काय येतं आमच्या' म्हणायचं. पण रंग! रंगावरून सख्खे भाऊ अबोला धरून दुकानाची पायरी उतरताना मी पाहिलेत. एका आईने तर मुलासमोर पायातली चप्पल उगारली. ती चप्पलही माझ्याच दुकानातली, त्यामुळे कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

वर्ध्यात आमचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात नुसत्या चपला होत्या. मी आले आणि वीसेक वर्षांपूर्वी एका बाजूला खेळांच्या बुटांचं काउंटर थाटलं. तेव्हापासून दुकानाचे दोन भाग आहेत. ह्यांच्याकडे चपला आणि शांतता, माझ्याकडे स्पोर्ट्स शूज आणि नाटक. अजूनही कोणी नवं गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतं आणि विचारतं, "भाऊ नाईत का?"

"आहेत ना. भाऊंनाच विचारा, फुटबॉलच्या बुटात आणि बेसबॉलच्या बुटात फरक काय."

पलीकडून हे मोबाइलवरून मान न उचलता म्हणतात, "हिले विचारा. मले इचारान तं दोन्ही पायात घालाचे असते."

तर रंग. कंपनी बॉक्सवर रंगांची अशी नावं छापते की वाटावं, आत बूट नसून अत्तर आहे. आमच्याकडे त्या नावांचा उपयोग नाही. आमच्या काउंटरवर रंग मुळात दोन: रेडियम आणि मळखाऊ. रेडियम म्हणजे जो रंग बघितला की आपोआप डोळे बारीक होतात तो. पोपटी रेडियम, गुलाबी रेडियम, नारिंगी रेडियम. आणि मळखाऊ म्हणजे जो मळ खातो आणि चारचौघांत बोलत नाही तो. रंगांमधली थोरली सून म्हणा. सगळं पोटात घालते. पोरांना रेडियम हवा असतो, आईबापांना मळखाऊ, आणि मी मध्ये दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन तराजूसारखी उभी असते.

यात कंपन्यांची एक मोठी चूक होते. त्यांना वाटतं, मळ तपकिरी असतो. म्हणून त्या मळखाऊ म्हणून खाकी, बदामी, विटकरी असले रंग पाठवतात. त्यांनी आमची माती पाहिलेली नाही. कपाशीची काळी माती पावसात बुटाला लागत नाही, बुटाशी लग्न करते. तिच्यापुढे खाकी बूट एका प्रॅक्टिसमध्ये हात टेकतो. आमच्याकडे मळखाऊ म्हणजे काळा, फार तर काळ्याच्या जवळपासचा राखाडी. बाकीचे सगळे रंग मळ दाखवणारे.

आणि काळा सहसा मिळत नाही! हे या बाजाराचं गुपित नाही, दुखणं आहे. काळा माल मोठ्या शहरांतच उचलला जातो. तिथे जो रंग खपला नाही तो एक हंगाम थांबून आमच्यापर्यंत येतो. त्यामुळे तिकडच्या लोकांनी गेल्या वर्षी काय नाकारलं, ते कोणालाही वर्ध्यात येऊन माझ्या शेल्फवर बघता येईल. ज्यांना पसंत पडत नाही ते माझ्याकडे नंबर घालून बघतात, उजव्या-डाव्या दोन्ही पायांचा फोटो काढतात आणि दाराबाहेर जाऊन फोनवर काळा मागवतात. मी त्यांना रागावत नाही. फक्त जाताना म्हणते, "बाळा, लेस सैल करून जा, पुढच्याला घालायचाय."

निवडणुकीच्या दिवसांत रंगाला आणखी एक धार येते. एक कार्यकर्ते आले. पदयात्रेसाठी चालायचे बूट हवे होते. निळा दाखवला, नको. हिरवा, नको. नारिंगी तर हातात घेताच चटका बसल्यासारखा खाली ठेवला.

"भाऊ, पक्ष कोणता सांगा, त्या हिशोबाने दाखवते."

त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, थेच तं अजून ठरून नाई राह्यलं. असा काढा, का कोनाकडंही चालन."

मी त्यांना राखाडी दिला. पुढे ते कुठे गेले मला माहीत नाही, पण बूट योग्य होता.

आणि सावंगीच्या कॉलेजचे ते दोन मित्र. एकाने लाल घेतला, एकाने निळा, आणि दुकानातच एकेक पाय बदलून घेतला. दोघांच्याही पायात एक लाल, एक निळा. सगळ्या सावंगीत मिरवले. मग एका मुलीवरून वाजलं. एक जण आला, काउंटरवर लाल बूट ठेवला आणि म्हणाला, "काकू, हा त्याले द्या आन माहा निळा मांगून ठेवा. मी त्याच्याशी बोलत नाई." दुसऱ्याने निळा आणून दिलाच नाही. हट्ट म्हणून तो अजून दोन रंगांत फिरतो. लाल बूट माझ्या शेल्फवर आहे, डाव्या पायाचा. कोणाला हवा असेल तर कळवा.

पण मला आज सांगायचंय ते थूलभाऊंच्या सायलीचं.

त्याआधी एक गोष्ट. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे माझ्या दुकानात बेसबॉलचा बूट बघून हमखास हसतात. "वर्ध्यात बेसबॉल?" का हो, वर्ध्यात कापसावरच जगायचं का आम्ही? इकडच्या शाळांत सॉफ्टबॉल जुना आहे. मी स्वतः दोन वेण्या आणि कॅनव्हासचे बूट घालून खेळलेली आहे, आणि घसरून पडल्याची खूण गुडघ्यावर आहे. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ, इकडे मागून आलेला. त्याच्या बुटाला मैदानावर सगळे स्पाइक म्हणतात. तळाला दात असतात. फुटबॉलच्या बुटालाही असतात, पण बेसबॉलच्या बुटाला एक दात अगदी पुढे, अंगठ्याखाली असतो. उभ्या जागेवरून झेप घ्यायची तर अंगठा मातीत रोवावा लागतो, म्हणून तो. चेंडू फेकणारीला, म्हणजे पिचरला, तर त्याच्याशिवाय जमतच नाही.

असे खरेखुरे बेसबॉलचे स्पाइक आमच्याकडे सहसा येत नाहीत. एकदा नागपूरच्या डीलरचा फोन आला. "भाभी, ऐसा माल आया है, पूरे विदर्भ में किसी के पास नहीं!" जे कोणाकडेच नाही ते कोणालाच नको असू शकतं, हा विचार मला कार्टन उघडल्यावर सुचला. अख्खा लॉट पोपटी रेडियम. ह्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "हे काय व? पेटलेलं आनलं का काही?"

थोडे गेले, थोडे राहिले. त्या राहिलेल्यांपुढे एक दिवस सायली थूल येऊन उभी राहिली.

सायली सिंदी मेघेच्या एका शाळेत दहावीला, शाळेच्या बेसबॉल टीमची पिचर. काडीसारखी पोरगी, पण खांद्यात गोफण. वडील सावंगीला एका हॉस्टेलच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड. थूलभाऊ कधीही भेटोत, ड्युटीवर असोत की नसोत, त्यांचे बूट काळे कुळकुळीत. मी एकदा त्यांच्या बुटात बघून टिकली सरळ केली आहे.

"वहिनी, काळा दाखवा. मळखाऊ."

"भाऊ, बेसबॉलचा काळ्यात नाही. फुटबॉलचा आहे."

"मंग थोच द्या."

"बाबा, त्याले समोर दात नसते," सायली म्हणाली.

"तुले काय कोनाले चावाचं हाये का?"

तेवढ्यात तिची नजर वरच्या शेल्फवर गेली, आणि मला कळलं की आता इथे नाटक होणार. "काकू, थो!"

मी काढून दिला. थूलभाऊ दोन पावलं मागे सरकले. "हा? हा तं ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटाचा रंग हाये!"

"बाबा, अंधारात पन दिसते हा."

"तू काय अंधारात खेळून राह्यली?"

अशा वेळी मी बोलत नाही, प्रयोग लावते. मी सायलीच्या एका पायात फुटबॉलचा काळा घातला, दुसऱ्यात रेडियम, दाराबाहेर आमच्या मातीच्या पट्टीवर उभं केलं आणि म्हटलं, फेक. चेंडू नव्हता, तिने नुसता हात फिरवला. काळ्यावर जोर दिला तेव्हा पाय मागे घसरला. रेडियमवर दिला तेव्हा अंगठा रोवला गेला आणि ती अशी सुटली की पलीकडचा पाणीपुरीवाला खाली वाकला.

थूलभाऊंनी मान हलवली. पोरीची मागणी खरी आहे हे त्यांना पटलं होतं, रंग पटला नव्हता. "द्या मंग. सहा नंबर द्या."

"तिचा पाच आहे."

"वाढता पाय हाये."

"भाऊ, पिचरचा बूट पायात हलायला नको."

"समोर कापूस भरून देतो ना. वर्ध्यात कापसाचा काय तोटा हाये वहिनी?"

या वाक्याला जिल्ह्यात कोणाकडे उत्तर नाही. सहा नंबर गेला. जाता जाता त्यांनी बॉक्सचं झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं. "शाळेत चालन ना पोरी हे?"

"चालते हो बाबा."

पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा सुरू झाल्या आणि सायलीची टीम जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचली. जिंकणारी टीम विभागीय स्पर्धेला नागपूरला जाणार. सायलीचं या वयोगटातलं शेवटचं वर्ष, आणि तिच्या टीमला दुसरी पिचर नव्हती. शाळेच्या टीममध्ये अशी पोरगी बहुतेक एकच असते. ती गेली की टीम गेली.

अशा सामन्यांना मी मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली एक टेबल लावते. चेंडू, ग्लोव्ह, लेस, बुटात घालायचे आतले सोल. विक्री बेताची होते, पण खेळ फुकट बघायला मिळतो आणि दुकानात हे एकटे पडतात, ही दोन्ही सुखं.

सामन्याआधी सायली माझ्या टेबलापाशी आली. चेहरा उतरलेला. बॅग पुढे धरली. आत बूट होते. काळे. माझ्या दुकानातून काळा बेसबॉल स्पाइक कधी गेलाच नाही, त्यामुळे मी एक उलटा करून आधी तळाचे दात पाहिले.

"बाबानं केलं," ती म्हणाली. "सकाळी पालिश मारून बॅगेत भरून देल्ले. मी आत्ता उघडून पाह्यले. काकू, आता काय करू?"

मी बोट लावलं. बोट काळं. सांगून ठेवते, मेणाचं पालिश कातड्याचं आहे. कातडं ते पितं. रेक्झिनचा बूट पीत नाही, त्याच्यावर ते दुधावरच्या सायीसारखं नुसतं बसून राहतं. पुसायला वेळ नव्हता, शिट्टी झाली होती.

"घाल," मी म्हटलं, "आणि काही झालं तरी बुटाला हात लावू नको."

सांगणं सोपं होतं. बूट सहा नंबरचा, पाय पाचचा. समोरचा कापूस घामाने दबला की पाय पुढे सरकायचा. मग पोरगी काय करील? एक चेंडू फेकला की वाकायची, लेस ओढायची, बुटाचं टोक दाबायची, पुन्हा उभी राहायची. फेकत मात्र होती बहारदार. समोरच्या मुली बॅट फिरवून फिरवून वाऱ्याला मारत होत्या. सायलीची टीम एका रनाने पुढे होती.

समोरच्या टीमचे कोच होते कडू सर. माणूस सरळ, पण नजर घारीची. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. ही मुलगी दर चेंडूआधी बुटाला हात लावते, आणि पांढऱ्या चेंडूवर काळा पट्टा दिसतो. त्यांची तिसरी मुलगी आउट होऊन इनिंग संपली तसा त्यांनी हात वर केला आणि खेळ थांबला.

बेसबॉलमध्ये पिचरने चेंडूला काहीही लावायचं नसतं. तेल नाही, पालिश नाही, थुंकीसुद्धा नाही. लावलं की चेंडू हवेत फसवतो. म्हणून ही त्या खेळातली मोठी चोरी धरतात.

पंच म्हातारे होते. त्यांनी चेंडू पाहिला, सायलीची बोटं पाहिली, मग खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून तिच्या बुटावर फिरवला. रुमालावर काळं आलं आणि बुटावर एक पोपटी रेघ उजळली. समोरच्या पालकांतून कोणीतरी ओरडलं, "चोट्टी हाये पोट्टी! बुटाले लावून आली!"

मी टेबल सोडून निघाले, पण माझ्याआधी कुंपणापाशी खाकी हलली. थूलभाऊ. दोन तासांची सुट्टी काढून ड्युटीवरून थेट आले होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'चोट्टी' कळलं होतं. ते मैदान ओलांडून थेट पंचांसमोर गेले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

"साहेब, पालिश म्या केलं. पोरीले मालूमबी नव्हतं."

"तुम्ही कोण?"

"बाप."

"बुटाला पालिश का केलं?"

"शाळेच्या सरांचा मेसेज होता साहेब मोबाइलवर. फायनलले पूर्ण गणवेश पाह्यजे म्हणे, नाई तं खेळू देनार नाई. गणवेशात बूट काळाच असते ना साहेब? मी इतले वर्षं गणवेशात हावो." त्यांनी दोन्ही पाय जुळवून खाली पाहिलं. पंचांनीही पाहिलं, मग सायलीच्या बुटाकडे पाहिलं. एकच हात होता दोन्हीवर, कोणीही ओळखलं असतं.

"आधी ब्रशनं एक हात देल्ला," थूलभाऊ सांगत सुटले, "मंग वाळू देल्लं, मंग दुसरा हात, मंग फडक्यानं..."

"कळलं, कळलं," पंच म्हणाले. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "केलं मात्र झकास."

"सर, भावना समजते," कडू सर म्हणाले. "पन चेंडू काळा झाला हे खरं हाये. पिचर भायेर गेली पाह्यजे."

हे बोलणं नियमाला धरून होतं, आणि म्हणून जास्त झोंबलं. पंचांनी चेंडू खिशात घातला. "चेंडू बदला. इनिंग संपलेली आहे, आता यांची शेवटची बॅटिंग. ती संपेपर्यंत बूट साफ करा. मी पुन्हा रुमाल फिरवणार. डाग आला तर ही मुलगी पिचिंग करणार नाही."

आता सगळं कोणावर आलं? बॅटिंगवर. बेसबॉलमध्ये ओव्हर मोजत नाहीत. तीन जणी आउट झाल्या की बॅटिंग संपली. त्या जितका वेळ टिकतील तितका वेळ आमचा. दुसरे बूट नव्हते. बेंचवरच्या मुलींच्या पायात कॅनव्हास, ते घालून ओल्या मुरमावर फेकणं म्हणजे साबणावर उभं राहणं. माझं दुकान लांब, आणि पाच नंबर तिथेही संपलेला.

मी सायलीचे बूट काढून घेतले, एक माझ्या मांडीवर, एक थूलभाऊंच्या.

"वहिनी, गाडीतलं पेट्रोल काढतो. एका मिनटात साफ होते."

"खबरदार! पालिशबरोबर सोलचं पेस्टिंगपण निघेल. मग पोरगी काय मोज्यावर फेकेल?" मी मुलींकडे वळून ओरडले, "खोबरेल तेल आहे का गं कोणाकडे?"

त्या मला वेडी समजल्या असतील. पण तेल मेणाला सोडवतं, ही या धंद्यातली जुनी विद्या आहे. टीममधली एक हॉस्टेलवरची मुलगी बॅगेत सगळा संसार घेऊन आली होती. बाटली निघाली. कापूस तर बुटातच होता! मी टोकातला दबलेला बोळा ओढून काढला आणि त्याच कापसाने तेल लावायला लागले.

"जोरात नको भाऊ, गोल गोल."

"मी गोल गोलच करत असतो वहिनी. लावताना बी."

तिकडे पहिली मुलगी पहिल्याच चेंडूवर उंच मारून आउट. "अरे देवा," मी म्हटलं. दुसरी तीनदा वाऱ्याला मारून, म्हणजे आउटच होऊन, परत आली. माझ्या हातातला बूट अजून अर्धा काळा होता. आता बॅट घेऊन निघाली आचल, टीमची कॅचर, म्हणजे सायलीचे चेंडू झेलणारी. आडव्या अंगाची, उभ्या स्वभावाची पोरगी.

थूलभाऊ मान वर करून ओरडले, "आचल बेटा, आउट नको होजो!"

"काका, मारू का नको मारू?"

"मले काय समजते? फक्त इथंच राह्यजो!"

मग आचलने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागून रेषेबाहेर गेला तर तो फाऊल, आणि अशा फाऊलवर, कोणी झेललं नाही तर, माणूस आउट होत नाही. आचल फाऊल मारत सुटली. डावीकडे फाऊल. उजवीकडे फाऊल. एक मागे जाऊन बाभळीत अडकला, तो काढायला मुलगी गेली, तिला काटा लागला, काटा काढण्यात वेळ गेला. एक थेट माझ्या टेबलावर आला आणि लेसांची पाकिटं चौफेर उडाली. "सॉरी काकू!" ती ओरडली. "बेटा, अजून मार!" मी ओरडले. कडू सर कपाळाला हात लावून बसले होते. पंच दर वेळी शांतपणे "फाऊल" म्हणत होते, आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा आवाज दर वेळी थोडा अधिक खूश येत होता.

काळं सुटत गेलं आणि खालून पोपटी वर यायला लागलं. शिवणीत अडकलेलं थूलभाऊंनी नखाने काढलं. "हे इथं अजून हाये," ते पुटपुटत होते, "इथं बी हाये. एवढं कायले लावलं म्या." जो रंग झाकायला हा माणूस पहाटे उठला होता, तोच रंग तो आता कणाकणाने बाहेर काढत होता, आणि बघता बघता त्याचा हुरूप वाढत होता. "निघाला! वहिनी, पाहा कसा निघाला! अगदी नवा!" तेलाचा ओशटपणा घालवायला मुलींच्या बॅगांतली पावडर मारली. पावडरीला तोटा नव्हता. आत मी टेबलावरचे जाड सोल घातले, म्हणजे सहाचा पाच झाला. शेवटी दोन्ही बूट शेजारी ठेवले तेव्हा ते तेल-पावडर करून टोपडं घालायला काढलेल्या जुळ्या बाळांसारखे दिसत होते.

तेवढ्यात आचलचा चेंडू वर उडाला आणि झेलला गेला. ती बॅट टाकून धावत आली. "झालं का काका?"

"झालं बेटा, झालं!"

पंच आले. नवा रुमाल नव्हता, म्हणून त्याच रुमालाची स्वच्छ बाजू त्यांनी वर केली. टोकावर फिरवला, कडेने फिरवला, शिवणीवर दाबून पाहिला. वर करून उन्हात धरला. थोडी पावडर होती. काळं नव्हतं.

"खेळा," ते म्हणाले. आणि कडू सरांनी, हे मी मुद्दाम लिहिते, स्वतः पुढे येऊन नवा चेंडू सायलीच्या हातात दिला.

त्या शेवटच्या इनिंगमध्ये सायली एकदाही वाकली नाही. बूट हलत नव्हता. अंगठा रोवायची, हात फिरायचा, आणि चेंडू आचलच्या ग्लोव्हमध्ये असा वाजायचा की झाडावरचे कावळे उठायचे. पहिली आउट. दुसरीने मारला, धावली, बेसवर पोचली, सगळ्यांचा जीव वर आला. मग आणखी एक आउट. शेवटची मुलगी त्यांची सगळ्यांत चांगली. दोन वेळा चुकली. तिसऱ्या चेंडूला तिने बॅट फिरवली आणि काहीच आवाज आला नाही, फक्त ग्लोव्हचा आला.

थूलभाऊंनी मला विचारलं, "हे चांगलं झालं का वाईट?"

"भाऊ, पोरगी नागपूरला चालली!"

सायली मैदानाच्या मधून धावत येत होती, पांढरी जर्सी, पायात दोन पेटलेले पोपटी बूट. ती जवळ आली तशी थूलभाऊंनी झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. हात कोपरापर्यंत काळे, तेलकट. "दूर राह्य, दूर राह्य, पोरी, जर्सी खराब होईन..."

पोरगी कुठली ऐकते. ती त्यांच्या गळ्यातच पडली. आणि बापाचे हात तरी किती वेळ पाठीमागे राहणार?

जर्सीच्या पाठीवर दोन काळे तळहात उमटले, बोटांसकट, स्पष्ट. सायलीच्या आईने आठवडाभर घासले. साबणाने नाही गेले, लिंबाने नाही गेले. नागपूरला ती पोरगी तशाच जर्सीत खेळली. तिथे त्या पहिल्याच सामन्यात हरल्या, पण पिचर वळली की पाठीवरचे ते दोन हात अख्ख्या मैदानाला दिसत होते म्हणे. तेलाने ते डाग निघाले असते, हे मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.